पेशींची पकड सुटण्याआधी

सदाशिव पेठेत महाविद्यालये, स्पर्धा परीक्षांचे वर्ग आणि अभ्यासिका यांची दाटी आहे. राज्यभरातून आलेले विशीतले तरुण इथे राहतात. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. गुटखा व पानमसाल्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. मात्र तिची मुदत वर्षभराची असल्याने ती दरवर्षी नव्याने जाहीर करावी लागते. सुपारीचा मसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या विकून या बंदीला बगल दिली जाते. नुसती सुपारीही निर्धोक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तिला कर्करोगकारक ठरवले आहे.

तोंडाच्या अस्तरातील पेशी एकमेकींना धरून असतात. ई-कॅडहेरिन हे प्रथिन प्रत्येक पेशीच्या आवरणातून बाहेर डोकावते आणि शेजारच्या पेशीवरील तशाच प्रथिनाला पकडते. या पकडीला कॅल्शियम लागते. जपानमधील मासातोशी ताकेइची यांनी कॅडहेरिन प्रथिनांचा शोध लावला. पेशींना जोडणारे डेस्मोसोम नावाचे सांधेही असतात. त्यातील प्लॅकोफिलिन-३ हे प्रथिन कमी झाले की पेशींची पकड सैल होते आणि गाठ पसरण्याची प्रवृत्ती वाढते, असे खारघरच्या ‘अॅक्ट्रेक’मधील संशोधनात दिसले आहे.

कर्करोगात ई-कॅडहेरिन घटले की पेशी सुट्या होऊन खोलवर शिरतात आणि मानेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचतात. रोग तिथवर गेला, की रुग्ण बरा होण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते. म्हणजे उपचाराची खरी संधी पकड सुटण्याआधी असते.

इथेच धोरणातील उणीव दिसते. सरकारी कार्यक्रमातील तोंडाची तपासणी वयाच्या तिसाव्या वर्षापासून सुरू होते. सवय मात्र त्याच्या कितीतरी आधी लागते. महाविद्यालयांच्या आरोग्य तपासणीत दात आणि डोळ्यांसोबत तोंडाचे अस्तर पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. सोबत शंभर यार्डांच्या नियमाची अंमलबजावणी हवी.

तोंडात पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, मानेत गाठ, किंवा तोंडात उभी तीन बोटे न मावणे, यांपैकी काहीही आढळल्यास दुखण्याची वाट पाहू नये. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही.