पंक्तीतील जागा

येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत आमच्या येरमाळ्यास घरोघर पंगती बसतात. आधी मुले, मागून मोठी माणसे. मूलबाळ नसलेल्या दांपत्यास कोठे बसवावे, हे सुज्ञ यजमानीण न बोलता ठरविते. मुंबईहून कॉर्डेलियाच्या सागरसहली २०२१ साली सुरू झाल्या, तेव्हापासून जहाजावरील पंक्तीचाही विचार करणे आले. मोठ्या जहाजांवर पुष्कळदा रात्रीच्या भोजनाच्या दोन वेळा असतात. पहिलीस लेकुरवाळ्यांची गर्दी. निवांतपणा हवा त्या जोडप्याने तिकीट काढतानाच दुसरी वेळ व दोघांपुरते मेज मागावे. परस्पर त्यांस कोपऱ्यात बसविणे मात्र बरे नव्हे. कित्येकांस शेजारच्या पोरास घास भरविण्यातच आनंद वाटतो! मेज न रुचल्यास पहिल्याच रात्री मुख्य वाढप्यास सांगावे. जागा असल्यास तो बदलून देतो.