'ऑफ' झालं, पण कोणाच्या वहीतून?



मागे वैशाखऱ्यात माझ्या दुकानावर ओळखीचे एक भाऊ आले. मोबाईल पुढे करून म्हणाले, "दादा, बँकेने आपलं लोन राइट ऑफ केलं. सुटलो बघा!" त्यांचा आनंद मोडायचा नव्हता, पण मोडावा लागला.

'ऑफ' म्हणजे सुटणं, वेगळं होणं. पे ऑफ केलं म्हणजे पैसे भरून तुम्ही कर्जातून सुटलात. राइट ऑफमध्ये कर्ज सुटतं ते बँकेच्या हिशोबातून, तुमच्या डोक्यावरून नाही. वसुली चालूच राहते, क्रेडिट रिपोर्टवर शेराही येतो. २०१७ आणि २०१९ ला राज्य सरकारने शेतकऱ्यांना दिली ती कर्जमाफी. ती गोष्ट वेगळी.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: फ्रेजल व्हर्बची पाचशेची यादी पाठ करत बसू नका. मागचा छोटा शब्द पकडा. 'अप' म्हणजे वर, नाहीतर पूर्ण. मार्क अप म्हणजे भाव चढवला, यूज अप म्हणजे वापरून संपवलं. मार्क डाऊन म्हणजे भाव उतरवला. पे बॅक म्हणजे परतफेड. सोल्ड आऊट म्हणजे सगळा माल विकून संपला.

अवघड वाटतंय? अहो, आपण मराठीत रोज हेच करतो. "माल देऊन टाकला" आणि "माल उधार देऊन बसलो". देणं एकच, पण 'टाकला'मध्ये मोकळे झालो आणि 'बसलो'मध्ये पस्तावलो! हा फरक आपल्याला कोणी पाठ करायला लावला नव्हता.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही सांगतो. गिव्ह अप म्हणजे हार मानणं, तिथे 'वर' शोधून काही सापडत नाही. अशा वेळी पूर्ण वाक्य वाचा.

आणि पैशाचा कागद असेल तर अंदाज नकोच. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नवीन रिटेल आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचा. तो मराठीत मागा. मागायला लाजू नका. सही तुमची आहे, हप्ताही तुम्हीच भरणार आहात.