चहाचें पाणी आणि मुलींचा वर्ण

चहा प्यायल्यानें माणूस काळा पडतो, ही समजूत महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत मुलांच्या गळीं लहानपणींच उतरविलेली असते. चहा मागणाऱ्या मुलाला दुधाकडे वळविण्याची ती एक सोयीची युक्ति. तींत शास्त्र कांहींच नाहीं. आतां काळाचा महिमा असा कीं, चहाचें पाणी तोंडाला लाविल्यानें मुली गोऱ्या होतात काय, अशी पृच्छा त्याच घरांतून होऊं लागली आहे. पोटांत गेलेला चहा काळें करतो आणि गालावर लाविलेला चहा गोरें करतो, अशीं परस्परविरुद्ध दोन मतें एकाच माजघरांत सुखानें नांदत आहेत! मोबाईलच्या पडद्यावर रोज नवा पाठ मिळत असल्यामुळें हिरवा, काळा, पांढरा, फुलांचा अशा नाना चहांचे लेप घरोघर सिद्ध होत आहेत. वाचक-भगिनींनीं याविषयीं विचारणा केल्यावरून आजचें प्रकरण आम्हीं त्यालाच वाहिलें आहे.

प्रथम चहा म्हणजे काय, तें पाहूं. हिरवा, काळा, पांढरा व ऊलाँग हे चारहि चहा एकाच झुडपाच्या पानांचे होतात. वनस्पतिशास्त्रांत त्याला कॅमेलिया सायनेन्सिस असें नांव आहे. भेद आहे तो केवळ संस्काराचा. पान खुडल्यावर त्याला लागलीच वाफ देऊन किंवा कढईंत परतून त्यांतील किण्व निष्क्रिय केलें, म्हणजे हिरवेपणा टिकतो. तो हिरवा चहा. पान कोमेजवून, चुरडून हवेशीं त्याचा संयोग पुरता होऊं दिला, म्हणजे काळा चहा. संयोग अर्ध्यावर थांबविला तर ऊलाँग. आणि कोंवळे लवदार कोंब नुसते सुकविले तर पांढरा. आपल्या डब्यांतील दाणेदार चहा हा काळ्याचाच प्रकार. पानें यंत्रांत चिरडून, फाडून व वळवून तो करतात. ही रीत १९३० च्या सुमारास आसामांत निघाली.

गवती चहा, तुळशीचा चहा, जास्वंदीचा चहा व कॅमोमाइल यांत मात्र चहाचें पान मुळींच नसतें. केवळ सौजन्यानें त्यांस चहा म्हणावयाचें. आपल्याकडे कित्येक घरीं गवती चहालाच हिरवा चहा म्हणतात. त्यामुळें हिरव्या चहाची कृति वाचून परसांतील पातीं उकळण्याचा घोटाळा सहज होतो. दोन्हींचे गुण निराळे, हें ध्यानांत ठेवावें.

संस्कृतांत 'कषाय' हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. औषधि-द्रव्याचें सार काढण्याच्या स्वरस, कल्क, शृत, शीत व फाण्ट अशा पांच रीती चरकाचार्यांनीं सूत्रस्थानांत सांगितल्या असून त्यांस कषाय हेंच नांव दिलें आहे. कढत पाण्यांत द्रव्य घालून गाळून घेतलें तर फाण्ट. अग्नीवर उकळलें तर शृत, म्हणजे आपला काढा. किटलींतील इंग्रजी धाटणीचा चहा हा फाण्ट, आणि आपण खळखळ उकळतों तो शृत, असें म्हणण्यास हरकत नाहीं. चरकाचार्यांच्या ग्रंथांत चहा नाहीं. पण तुरट रसासहि कषाय हेंच नांव आहे, आणि चहाचा त्वचेवरील मुख्य गुण हा तुरटपणाच होय. तुरट पदार्थ जिभेवर ठेविला असतां ती आंखडल्यासारखी होते. कारण त्यांतील टॅनिन प्रथिनांना चिकटून बसतें. कातडीवरहि तेंच घडतें. तेलकट चेहरा घटकाभर घट्ट व स्वच्छ वाटतो, तो या योगें. चहांतील कॅफीन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करतें. तिसरा घटक कॅटेचिनांचा; हीं हिरव्या चहांत विपुल असतात व दाह कमी करण्याचा गुण त्यांत आहे.

या कॅटेचिनांचें सामर्थ्य खोटें नव्हे. अमेरिकेंत २००६ सालीं हिरव्या चहाच्या अर्काचें एक मलम एका प्रकारच्या चामखिळांवरील औषध म्हणून सरकारमान्य झालें. मुरुमांवरहि अशा अर्काचे लहान लहान प्रयोग झाले असून त्यांत कांहीं अंशीं गुण दिसला आहे. परंतु तो अर्क तोलून मापून, ठराविक प्रमाणांत सिद्ध केलेला असतो. तेव्हां औषधाचें यश आपल्या वाटींतील पाण्याच्या पदरांत घालणें, हा तर्कशास्त्राचा अपराध होईल.

मग घरच्या चहानें साधतें तरी काय? तेलकट व घामट चेहऱ्याला थोडा उतार, उन्हांतून आल्यावर गारवा, आणि जाग्रणानें सुजलेल्या पापण्यांना थोडा आराम, एवढें साधतें. त्यांतहि गार पाण्याचा वांटा मोठा. कृति सोपी आहे. वाटीभर पाणी उकळून खालीं उतरवावें. तीन-चार मिनिटें थांबून त्यांत हिरव्या चहाचीं सपाट चमचाभर पानें घालून झांकण ठेवावें. पांच-सात मिनिटांनीं स्वच्छ फडक्यानें गाळून पुरतें निवूं द्यावें. हिरवा चहा घरांत नसल्यास बिनदुधाचा, बिनसाखरेचा काळा चहाहि चालेल. मात्र त्याचे डाग पंचावरून लवकर जात नाहींत. तोंड धुवून हें पाणी कापसाच्या बोळ्यानें लावावें व दहा मिनिटांनीं साध्या पाण्यानें काढून टाकावें. पापण्यांसाठीं गार चहांत भिजवून पिळलेली घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावी. थेंब आंत जाऊं देऊं नये. ज्यांची त्वचा मुळांतच कोरडी, त्यांनीं या भानगडींत न पडणें बरें. तुरटपणानें ती अधिकच ओढली जाते. नवी वस्तु तोंडाला लावण्यापूर्वीं दोन-तीन दिवस कोपराच्या आंतील बाजूस लावून पाहावी, हा नियम सर्वांनाच लागू.

आतां निषेध सांगतों. पहिला, हें पाणी सांठवूं नये. विकतच्या द्रव्यांत तीं टिकविणारें औषध घातलेलें असतें. आपल्या पाण्यांत तें नाहीं, आणि जंतूंना तें आयतें अन्न होतें. रोज ताजें करून उरलेलें ओतून द्यावें. फार तर शीतकपाटांत एक दिवस. दुसरा, त्यांत लिंबू पिळूं नये. लिंबाचा रस अंगावर असतां ऊन लागलें, तर कातडी भाजल्यासारखी होऊन डाग आठवडेच्या आठवडे राहतात. गोरेपणाच्या लोभानें काळे डाग पदरीं येतात. तिसरा, दाणेदार चहाचा चोथा गालावर घासूं नये. त्याचे कण कठीण असून कातडी ओरखडतात. तो धुवून गुलाबाच्या कुंडींत घालावा, हा आपल्या घरांतला जुना उपयोगच ठीक. चौथा, गवती चहांतील तेल नाजूक त्वचेला झोंबूं शकतें. म्हणून त्याचा दाट काढा तोंडाला लावूं नये. पांचवा निषेध विशेषतः आपल्या प्रांतासाठीं. कॅमोमाइल हें शेवंतीच्या कुळांतलें फूल, आणि गाजरगवतहि त्याच कुळांतलें. हें गवत १९५५ च्या सुमारास पुण्यांत प्रथम आढळलें व पुढें देशभर पसरलें. त्याच्या स्पर्शानें ज्यांना खाज व पुरळ उठतें, त्यांना कॅमोमाइलहि बाधण्याचा संभव असतो.

सहावा सर्वांत महत्त्वाचा. भाजलेल्या जागेवर चहा लावूं नये. १९२५ सालीं अमेरिकेंत डेव्हिडसन नांवाच्या शस्त्रवैद्यानें भाजलेल्या जखमांवर टॅनिक आम्ल लावण्याची रीत प्रसिद्ध केली. ती जगभर गाजली. परंतु त्या आम्लानें यकृतास अपाय होतो असें आढळून आल्यावरून १९४० नंतरच्या दशकांत ती सोडून देण्यांत आली. भाजलें असतां नळाचें वाहतें गार पाणी वीस मिनिटें सोडावें व वैद्याकडे जावें. चहा, शाई, टूथपेस्ट यांपैकीं कांहींहि नको.

येथवर कृतीचा विचार झाला. आतां हेतूचा करूं. मनुष्याच्या त्वचेंत मेलॅनिन नांवाचें रंगद्रव्य असतें. तें उत्पन्न करणाऱ्या पेशी गोऱ्या व सांवळ्या माणसांत जवळजवळ सारख्याच असतात. भेद असतो तो द्रव्याच्या प्रमाणाचा व जातीचा. हें प्रमाण वंशपरंपरेनें ठरतें, आणि उन्हानें वाढतें, कारण प्रखर किरणांपासून संरक्षण करणें हेंच त्या द्रव्याचें काम आहे. प्यालेल्या चहानें तें वाढत नाहीं व लाविलेल्या चहानें धुतलें जात नाहीं. चहा लाविला म्हणून उन्हापासून रक्षण होतें, असेंहि कोणीं समजूं नये. त्यासाठीं छत्री, पदर व उन्हाचें मलम हींच साधनें खरीं.

चहानें मुलगी गोरी झाली नाहीं, एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर आम्हांस दुःख नव्हतें. ती पुढें जाते. घरचा उपाय फसला म्हणजे बाजारांतील डबी येते. तसल्या डब्यांतून कधीं पारा, तर कधीं स्टेरॉइड निघतें. केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांत गोरेपणाचीं मलमें लावणाऱ्यांच्या मूत्रपिंडांस विकार जडल्याचें तेथील वैद्यांनीं २०२३ च्या सुमारास उघडकीस आणलें. स्टेरॉइडयुक्त मलमें वैद्याच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत, असा नियम सरकारनें २०१८ सालीं केला. या साऱ्याचें मूळ त्या डबींत नसून आपल्या बोलण्यांत आहे. "हुशार आहे हो, पण रंगानें जरा डावी," हें वाक्य आम्हीं शाळेच्या व्हरांड्यांत, मुलीच्या देखत, तिच्याच पालकांच्या तोंडून कितीदां तरी ऐकिलें आहे. ऐकणाऱ्या मुलीची मान त्या वेळीं कशी खालीं जाते, तें शिक्षकालाच दिसतें. वर्णावरूनच कृष्णा हें नांव पडलेल्या द्रौपदीच्या रूपाची थोरवी आपण मुलांना सांगावी, आणि घरच्या सांवळ्या लेकीला वाटींत पाणी घेऊन आरशापुढें बसवावें, हें आपणांस शोभत नाहीं.

मुलीच्या मुखावर तेज असावें, ही आईची इच्छा मात्र सर्वथा योग्य आहे. तें तेज वर्णाचें नव्हे, रक्ताचें असतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आपल्या देशांतील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं शेंकडा ५९ मुली रक्तक्षयी आढळल्या. येथें चहाचा खरा संबंध येतो. ज्या टॅनिनानें कातडी आंखडते, तेंच टॅनिन भाजी, डाळ व भाकरी यांतील लोहाला बांधून ठेवतें व तें अंगीं लागूं देत नाहीं. म्हणजे चहानें माणूस काळा पडत नाहीं. पण जेवणाबरोबर घेतलेल्या चहानें अशक्त मुलगी अधिक फिकट होण्याचें भय असतें. यास्तव जेवण व चहा यांत निदान एका तासाचें अंतर राखावें, पोळीबरोबर चहा देण्याची संवय मोडावी, आणि लिंबाची फोड गालावर न चोळतां ताटांत वाढावी. तेथें ती लोह अंगीं लावण्यास साहाय्य करते. मुलगी सदा थकलेली वा फिकट दिसत असेल, तर वैद्याकडून तिचें रक्त तपासून घ्यावें.