परतीचें तिकीट



देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, हें आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत आलों आहोंत. परंतु देशाटनाला निघालेल्या मनुष्याला उंबरठ्यावरच जो एक प्रश्न विचारला जातो, त्याची चर्चा मात्र फारसें कोणी करीत नाहीं. तो प्रश्न असा कीं, "तुम्ही परत केव्हां जाणार, आणि तें खरें कशावरून मानावें?" या प्रश्नाचें उत्तर तोंडीं दिलेलें चालत नाहीं, तें तिकिटाच्या रूपानें हातांत असावें लागतें. वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले, त्याला एक प्रसंग कारण झाला.

आमच्या शाळेंतून कांहीं वर्षांपूर्वीं बाहेर पडलेला एक विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यांत मॉरिशसला निघाला होता. तेथें त्याच्या कुटुंबाच्या ओळखीचें एक मराठी घराणें आहे. कचेरींतून एक महिन्याची रजा मिळाली होती. पण पंधरा दिवस राहावें कीं महिनाभर, हें तेथें गेल्यावर ठरवूं, अशा विचारानें त्यानें फक्त जाण्याचें तिकीट काढलें. अल्प मुदतीच्या भेटीसाठीं मॉरिशसला जाणाऱ्या भारतीयाला आगाऊ व्हिसा घ्यावा लागत नाहीं, एवढें त्याला ठाऊक होतें. परंतु परतीचें किंवा तेथून पुढील प्रवासाचें तिकीट दाखवावें लागतें, ही अट त्यानें वाचलीच नव्हती. मुंबईच्या विमानतळावर खिडकीवरील बाईंनीं तें मागितलें, तेव्हां तो गडबडून गेला. त्यानें रजेचा कागद दाखविला, बँकेंतील शिल्लक दाखविली, उतरण्याच्या घराचा पत्ता दाखविला. बाई सौजन्यानें म्हणाल्या, "हें सर्व ठीक आहे; पण त्या तिकिटाशिवाय मला तुम्हांला विमानांत बसवितां येणार नाहीं."

रांगेबाहेर उभा राहून त्यानें एका ओळखीच्या दलालाला मोबाइलवरून विचारलें. दलाल म्हणाला, "चारशें रुपये पाठव, दहा मिनिटांत तिकीट येईल, अगदीं खऱ्यासारखें. कंपनीच्या दप्तरांत शोधलें तर सांपडायचें नाहीं. पण शोधतो कोण?" मुलानें तें नाकारलें, वडिलांकडून पैसे मागवून घेतले, आणि अठरा हजार रुपयांचें, तारीख बदलतां येईल असें परतीचें तिकीट काढून तो कसाबसा विमानांत चढला. पुढें एके दिवशीं त्याचे वडील मला रस्त्यांत भेटले व म्हणाले, "मास्तर, चारशें रुपयांत काम भागत होतें, तिथें पोरानें अठरा हजार घातले. तुम्हीच शिकविलेंत ना हें?" त्या बोलण्यांत थोडी थट्टा होती, थोडा अभिमान होता, आणि थोडी तक्रारही होती. त्या तक्रारीला मला त्या वेळीं नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा प्रयत्न करीत आहें.

प्रथम हें पाहूं कीं, खिडकीवरील बाई इतक्या ठाम कां होत्या. ज्या देशांत पाहुणा उतरतो, त्या देशानें त्याला प्रवेश नाकारला तर त्याला परत नेण्याची जबाबदारी सामान्यतः त्याला आणणाऱ्या विमान कंपनीवरच पडते. शिवाय अनेक देश अशा कंपनीला दंडही करितात. ब्रिटननें १९८७ सालीं खास कायदा करून, योग्य पासपोर्ट किंवा व्हिसा नसलेला प्रवासी आणणाऱ्या कंपनीवर दर माणशीं दंड बसविला. पुढें त्याची रक्कम २,००० पौंडांपर्यंत वाढविण्यांत आली. म्हणून निरनिराळ्या देशांच्या अटी एकत्र नोंदविणारी 'टिमॅटिक' नांवाची माहितीसूची विमान कंपन्या वापरतात, आणि खिडकीवरील कर्मचारी तींत जें लिहिलेलें असेल त्याबरहुकूम वागतो. परक्या देशाच्या सीमेवरचा पहारा असा आपल्याच शहरांतल्या खिडकीवर येऊन बसला आहे. तेथील कर्मचाऱ्याशीं हुज्जत घालण्यांत अर्थ नाहीं. नियम त्यानें केलेला नसतो.

ही अट केवळ आपल्यासाठींच आहे, असेंही नाहीं. ब्रिटिश, फ्रेंच किंवा जपानी नागरिक ज्या सवलतीखालीं व्हिसावांचून अमेरिकेंत जातो, त्या सवलतींतही परतीचें किंवा पुढील प्रवासाचें तिकीट लागतें. आणि तें तिकीट शेजारच्या कॅनडांत, मेक्सिकोंत किंवा जवळच्या बेटांवर संपत असेल, तर तो प्रवासी तेथील रहिवासी असल्याशिवाय तें पुरेसें मानीत नाहींत. उलट नेपाळला जाणाऱ्या भारतीयाला व्हिसाच लागत नाहीं. जो विद्यार्थी दीर्घ मुदतीचा शिक्षणाचा व्हिसा घेऊन परदेशीं जातो, त्यालाही परतीचें तिकीट सहसा विचारीत नाहींत. कारण तो राहावयालाच चालला आहे, हें त्या देशानें आधींच मान्य केलेलें असतें. सारांश, एका देशाचा नियम दुसऱ्याला लावूं नये, आणि शेजाऱ्याचा अनुभव हा कायदा समजूं नये.

आतां ही अट न्याय्य आहे काय? पाहुण्यानें मुदत संपल्यावर निघून जावें, अशी अपेक्षा करण्याचा यजमानाला अधिकार आहे, याविषयीं वाद नाहीं. परंतु माझें प्रामाणिक मत असें आहे कीं, तिकीट हा या बाबतींत फार दुबळा साक्षीदार आहे. तिकिटावरून खिशांत पैसे आहेत हें कळतें. मनांत काय आहे हें कळत नाहीं. ज्याच्याजवळ भरपूर पैसा आहे, तो पूर्ण परतावा मिळणारें महाग तिकीट काढतो, सीमा ओलांडतो, आणि हवें तर दुसऱ्याच दिवशीं तें रद्द करतो. ज्याच्याजवळ मोजके पैसे आहेत, तो परत जाण्याचा निश्चय कितीही पक्का असला तरी खिडकीवर अडतो. एका हेतूच्या परीक्षेंत दोघांना निरनिराळे गुण मिळतात, आणि ते गुण हेतूचे नसून पैशाचे असतात.

तिकिटाचा असा चाळणीसारखा उपयोग नवा नाहीं. कॅनडाच्या सरकारनें १९०८ सालीं एक नियम केला. जन्मभूमीहून किंवा नागरिकत्वाच्या देशाहून सलग प्रवास करून, आणि निघण्यापूर्वींच काढलेल्या थेट तिकिटावर जो येईल, त्यालाच उतरूं द्यावें, असा तो नियम होता. त्यांत हिंदुस्थानचें नांवही नव्हतें. परंतु हिंदुस्थानांतून असें थेट तिकीट मिळण्याची सोयच राहूं दिली नव्हती. त्यामुळें नियम सर्वांसाठीं आणि अडसर मात्र आपल्यासाठीं, अशी स्थिति झाली. १९१४ सालीं गुरदित सिंग यांनीं भाड्यानें घेतलेली 'कोमागाता मारू' ही आगबोट हाँगकाँगहून निघून ३७६ हिंदी उतारूंसह २३ मे रोजीं व्हँकूव्हरच्या बंदरांत पोहोंचली. दोन महिने ती किनाऱ्यासमोर उभी होती. थोडे अपवाद वगळतां कोणालाही उतरूं दिलें नाहीं, आणि २३ जुलैला तिला परत फिरावें लागलें. सप्टेंबरच्या अखेरीस कलकत्त्याजवळ बजबज येथें ते लोक उतरले, तेव्हां झालेल्या गोळीबारांत त्यांच्यांतील कित्येक प्राणांस मुकले. तो नियम १९४७ पर्यंत टिकला. आणि १८ मे २०१६ रोजीं कॅनडाच्या पंतप्रधानांनीं आपल्या लोकसभेंत या प्रकरणाबद्दल क्षमा मागितली. आजची परतीच्या तिकिटाची अट आणि तो नियम एकच आहेत, असें मी म्हणत नाहीं; हेतूंत मोठा फरक आहे. पण कागदाचा एक तुकडा माणसाच्या योग्यतेचें माप म्हणून वापरला म्हणजे काय घडूं शकतें, हें त्या इतिहासांत दिसतें.

आणि ज्या मॉरिशसला आमचा विद्यार्थी निघाला होता, त्या बेटाची कथा तर याहून बोलकी आहे. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पांच लाख हिंदी मजूर करारावर त्या बेटावर उतरले. त्यांत कोंकणांतून गेलेले मराठी लोकही होते. पोर्ट लुई येथील ज्या 'आप्रवासी घाटा'च्या पायऱ्या चढून ते आंत गेले, त्याला २००६ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. प्रारंभींच्या करारांत परतीच्या प्रवासाची हमी मजुराला दिलेली असे. पुढें ती काढून घेण्यांत आली. म्हणजे परतीचें तिकीट ही त्या काळीं गरिबानें मागावयाची वस्तु होती आणि मालक ती देण्यास नाखूष होता, कारण मजूर राहावा अशी त्याची इच्छा होती. आज तीच वस्तु प्रवाशाकडून मागितली जाते, कारण त्यानें राहूं नये अशी इच्छा आहे. तिकीट तेंच; मागणारा तेवढा बदलला!

इतकें सर्व खरें असलें, तरी दलालाचें चारशें रुपयांचें तिकीट त्यामुळें खरें ठरत नाहीं. नियम दुबळा असला तर त्यावर टीका करावी, तो बदलावा म्हणून लिहावें, बोलावें. परंतु खोट्या कागदानें त्याला उत्तर देणें म्हणजे ज्या संशयावर तो नियम उभा आहे, तो संशय आपल्याच हातानें खरा करून देणें होय. एकाचें खोटें उघडकीस आलें, कीं त्याच रंगाचा पासपोर्ट घेऊन मागें उभ्या असलेल्या दहा प्रामाणिक माणसांकडे अधिकारी निराळ्या नजरेनें पाहूं लागतो. स्वतःचें नुकसान तर वेगळेंच. ब्रिटनच्या व्हिसाच्या अर्जांत फसवणूक आढळली तर दहा वर्षेंपर्यंत पुढील अर्ज नाकारले जाऊं शकतात. अमेरिकेच्या कायद्यांत प्रवेश मिळविण्यासाठीं महत्त्वाची गोष्ट खोटी सांगणाऱ्यावर कायमची बंदी येऊं शकते. चारशें रुपयांच्या सोयीसाठीं ऐन विसाव्या वर्षीं एवढी जोखीम कोणी कां घ्यावी?

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. युरोपांतील शेंगेन देशांच्या व्हिसासाठीं अर्ज करतांना परतीच्या प्रवासाचें केवळ आरक्षण दाखविलेलें चालतें; किंबहुना व्हिसा हातीं येण्यापूर्वीं तिकिटाचे पैसे भरूं नका, असें कित्येक वकिलातीच सांगतात. कंपनीच्या दप्तरांत खरोखर नोंदलेलें आरक्षण आणि कोणीतरी घरीं बसून रंगविलेलें तिकीट, या दोन गोष्टी एक नव्हेत. त्याचप्रमाणें, ज्याला मुदतींत निघावयाचेंच आहे पण दिवस ठरलेला नाहीं, त्यानें तारीख बदलतां येणारें किंवा पैसे परत मिळणारें तिकीट काढलें, आणि शेवटीं दुसऱ्या मार्गानें तो देश सोडला, तर त्यांत लबाडी नाहीं. प्रश्न "तुम्ही मुदतींत निघाल काय?" असा आहे, आणि त्याचें उत्तर त्यानें खरें दिलेलें आहे.

म्हणून परदेशीं जाऊं इच्छिणाऱ्या तरुणांनीं तिकीट काढण्यापूर्वीं त्या देशाच्या वकिलातीची आणि विमान कंपनीची अट स्वतः वाचावी. दलालाच्या तोंडून ऐकूं नये. दोन्ही बाजूंचें तिकीट एकत्र घेतल्यास कांहीं कंपन्यांकडे तें एकेरी तिकिटाच्या मानानें फारसें महाग पडत नाहीं, हेंही तपासून पाहावें. खिडकीवर घाईंत काढलेलें तिकीट बहुधा सर्वांत महाग पडतें. आमच्या विद्यार्थ्यानें चूक केली असेल तर ती एवढीच.

आतां वळूं त्याच्या वडिलांकडे. काका, तुमच्या चिरंजीवाला परत यावयाचें होतें ना? मग परतीचें तिकीट त्याला आज ना उद्यां काढावेंच लागणार होतें. ज्या तिकिटाला तुम्ही अठरा हजारांचा खर्च म्हणतां, त्याच तिकिटावर तो महिन्यानें घरीं आला. घाईमुळें दोनचार हजार जास्त गेले असतील. तेवढाच त्याचा तोटा. चारशें रुपये दिले असते तर ते मात्र सगळेच्या सगळे पाण्यांत गेले असते, आणि खरें तिकीट पुन्हां काढावें लागलेंच असतें. हिशेबाच्या वहींत सुद्धां मुलाचीच बाजू खरी ठरते.

शेवटीं एका मराठी प्रवासिनीचें स्मरण करून हा लेख पुरा करितों. इ. स. १८८३ मध्यें आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठीं अमेरिकेला निघाल्या, तेव्हां त्यांना अठरावें वर्ष नुकतेंच पुरें झालें होतें. त्या काळीं पासपोर्टाची आजच्यासारखी सक्ती नव्हती. परतीची हमी मागणारे होते ते आपलेच लोक. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजांत भरलेल्या सभेंत त्यांनीं आपल्या जाण्याचें प्रयोजन सांगितलें, आणि हिंदु म्हणून जाऊन हिंदु म्हणूनच परत येण्याचा निश्चय बोलून दाखविला. १८८६ सालीं पदवी घेऊन त्या मायदेशीं परतल्या, आणि अवघ्या कांहीं महिन्यांत, फेब्रुवारी १८८७ मध्यें, पुणें येथें क्षयानें त्यांचा अंत झाला. आजारी असतांही त्या परत आल्या होत्या; सभेंत दिलेला शब्द त्यांनीं पाळला होता.

आज असा शब्द विमानतळावरील खिडकीवर चालणार नाहीं, हें मला कळतें. तेथें तिकीटच दाखवावें लागेल. पण विद्यार्थिमित्रहो, तें दाखवितांना तुमचा शब्द आणि तुमचा कागद एकच बोलत असावेत, एवढीच तुमच्या शिक्षकाची इच्छा आहे.