एम्युलेटरचा काउंटर छोटाच ठेवा

जुनी चिप करायची तेच काम आजच्या कॉम्प्युटरवर करणारं सॉफ्टवेअर म्हणजे एम्युलेटर. तो इतर प्रोग्रामरना विकायचा असेल, तर इंटरफेस हा तुमचा काउंटर. माझं मत सरळ आहे, गिऱ्हाईकाला गोडाऊनची चावी देऊ नका.

१९७५ ची ६५०२ चिप घ्या. तिला ६५,५३६ पत्ते दिसतात. बरेच जण ही सगळी मेमरी एक ॲरे म्हणून उघडी ठेवतात. सोपं पडतं ना! पण ॲपल टू या कॉम्प्युटरमध्ये एका ठराविक पत्त्यावरून नुसतं वाचलं तरी स्पीकर टिक्‌ वाजतो. बिचाऱ्या ॲरेला हे कसं कळणार?

म्हणून 'वाच' आणि 'लिही' ही दोन फंक्शन्स गिऱ्हाईकालाच लिहू द्या. तुम्ही द्यायचं काय? रीसेट, इंटरप्ट आणि 'एक सूचना चालव', बस्स. सूचनेला किती सायकल लागल्या तेवढं परत सांगा, नाहीतर स्क्रीन आणि आवाजाचा मेळ बसत नाही.

हां, डिबगरसाठी मात्र 'नुसतं बघ' असं वेगळं फंक्शन गिऱ्हाईकाकडून मागून घ्या. नाहीतर चूक शोधतानाच स्पीकर वाजायला लागेल.