व्हॉल्व्ह म्हणजे नळ नव्हे

व्हॉल्व्ह म्हणजे मोठा नळ, अशी आमच्या घरच्यांची पक्की समजूत आहे. लग्नकार्यात कोणी "सध्या काय करतोस?" असं विचारलं की मी तोंड उघडायच्या आत मावशी सांगून मोकळी होते, "कारखान्यांना नळ निवडून देतो." तसं ते अगदीच खोटं नाही. फरक एवढाच की घरच्या नळाने दगा दिला तर बादलीभर पाणी वाया जातं. असो. आज जरा कामाचं लिहितो, कारण एका मुद्द्यावरून माझं लोकांशी कायम वाजतं.

कुठल्याही प्लँटमध्ये व्हॉल्व्ह लवकर खराब झाला की पहिला दगड परचेसवाल्यांवर पडतो. "एल-वनला ऑर्डर दिली ना, आता भोगा!" (एल-वन म्हणजे सगळ्यात कमी भाव भरणारा.) मला हे पटत नाही. माझ्या मते खरा दोष बहुतेक वेळा डेटाशीटचा असतो, म्हणजे व्हॉल्व्ह कसा हवा ते ज्या कागदावर लिहितात त्याचा.

माझं आवडतं उदाहरण देतो. औष्णिक वीजकेंद्रात बॉयलरला पाणी पुरवणारा पंप असतो. पाणी पुढे जात नसताना तो चालू ठेवला तर आतलं पाणी तापून त्याची वाफ होते आणि पंप कामातून जातो. म्हणून लोड कमी असताना थोडं पाणी परत मागे डीएरेटरमध्ये सोडतात. ते सोडणारा तो रीसर्क्युलेशन व्हॉल्व्ह. दिसायला किरकोळ, पण मोठ्या संचात त्याच्या एका बाजूला दीडशे-दोनशे बार दाब आणि दुसऱ्या बाजूला १० बारच्याही आत. पाणीसुद्धा साधं नाही, १६० अंशांच्या आसपास तापलेलं. या तापमानाला दाब साधारण ६ बारच्या खाली गेला की पाणी उकळतं. व्हॉल्व्हच्या अरुंद फटीत वेग वाढतो, दाब क्षणभर त्याही खाली जातो आणि बुडबुडे तयार होतात. पुढे दाब सावरला की ते बुडबुडे आतल्या आत मिटतात आणि मिटताना धातूला टोचे मारतात. हेच कॅव्हिटेशन. पाइपातून खडी वाहते आहे असा आवाज येतो. प्लग काढून पाहिला तर वाळवी लागलेलं लाकूड बरं म्हणावं!

आता डेटाशीटवर काय असतं? फीड वॉटर, इंटरमिटंट, नॉर्मल फ्लो इतका, ट्रिम हार्डन्ड स्टेनलेस स्टीलचा. बस्स. बरेचदा मागच्या प्रकल्पाच्या फाइलमधून उचललेलं. यावर दोन भाव येतात. एकाचा साधा प्लग आणि सीट. दुसऱ्याचा वळणावळणाच्या वाटेने, टप्प्याटप्प्याने दाब उतरवणारा ट्रिम, किंमत कितीतरी पट. कागदाच्या हिशेबाने दोघेही पास! मग परचेसवाल्याने स्वस्त घेतला तर त्याचं काय चुकलं? तेच तर त्याचं काम आहे. "आत कुठेही दाब बाष्पदाबाच्या खाली जाता कामा नये" एवढं एक वाक्य असतं, तर पहिला भाव तांत्रिक छाननीतच गळला असता.

काही जण म्हणतात, स्टेलाइट चढवा की झालं. कडक धातू जरा जास्त दिवस टिकतो हे खरं, पण बुडबुडे होतच राहतात. रोग तसाच ठेवून मलमपट्टी.

आणखी एक गोष्ट. हा व्हॉल्व्ह आयुष्यातला बराचसा काळ बंद असतो. बंद असताना केसाएवढी जरी फट राहिली तरी त्यातून सुटणारं दोनशे बारचं पाणी सीटला चाकूसारखं कापत जातं. म्हणजे बंद असताना गळती किती चालेल, तो गच्च बसवायला अॅक्च्युएटरचा जोर किती लागेल, हे फ्लोइतकंच महत्त्वाचं. नेमके तेच रकाने कोरे असतात. म्हणून मी डेटाशीट हातात आलं की आधी कोरे रकाने वाचतो. स्टार्टअपला काय होईल? इन्स्ट्रुमेंटची हवा गेली तर हा उघडा राहायला हवा की बंद? (इथे उघडा, पंप वाचवायचा आहे. बर्नरच्या गॅसवरचा असेल तर बंद.) कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचंही तेच, नाही का? तो रोजच्या वरणभातासाठी नसतोच, शिट्टी तुंबेल त्या दिवसासाठी असतो.

कोऱ्या रकान्यांच्या उलट दुसरी खोड, भरमसाट भर. प्रोसेसवाला फ्लोमध्ये दहा टक्के वाढवतो, पुढचा आणखी दहा, विक्रेता वरची साइज देतो. मग कंट्रोल व्हॉल्व्ह जन्मभर किलकिला उघडून चालतो आणि तिथेच सीट झिजते.

हे सगळं किरकोळ वाटत असेल तर अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडची गोष्ट आठवा. २८ मार्च १९७९ रोजी तिथल्या दुसऱ्या अणुभट्टीवरचा एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. कंट्रोल रूममधला दिवा मात्र तो बंद असल्याचं सांगत होता. कारण तो दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवतच नव्हता, सोलेनॉइडला वीज जाते आहे की नाही एवढंच दाखवत होता. 'बंद हो' असा हुकूम गेला, म्हणजे बंद झाला असं धरलेलं! दोन तासांहून जास्त वेळ पाणी जात राहिलं आणि गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला. स्थिती स्टेमवरून मोजायची की हुकुमावरून, ही डेटाशीटवरची एक ओळ असते. स्विचचे चार पैसे वाचवायला ती खोडायचं कोणी सुचवलं, तर मी ही गोष्ट सांगतो. बहुधा ओळ राहते.

पुढच्या खेपेला ऑक्सिजनच्या लाइनवरच्या व्हॉल्व्हबद्दल लिहीन. तिथे ग्रीसचं एक बोटसुद्धा चालत नाही, आणि मावशीच्या नळाला तर आम्ही दरवर्षी लावतो.