पराभूत प्रतिस्पर्ध्याचें ऋण

जगांत जें टिकतें तेंच खरें, व जें लयास गेलें तें निरर्थक, असें मत विद्यार्थ्यांच्या आणि क्वचित् त्यांच्या पालकांच्याही तोंडून आम्हीं ऐकलें आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. त्याविरुद्ध एक साक्ष आम्ही क्रीडांगणावरूनच काढतों.

आमचे विद्यार्थी जो बास्केटबॉल खेळतात, तो १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. च्या विद्यालयांत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें निर्माण केला. पुढें त्याचा धंदा झाला. नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन हें प्रबळ मंडळ तेथें असतांनाच, १९६७ सालीं कांहीं धनिकांनीं अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन हें प्रतिस्पर्धी मंडळ अकरा संघांनिशीं उभें केलें. त्यांचा हेतु निव्वळ क्रीडाप्रेमाचा नव्हता. थोरल्या मंडळानें अखेर आपणांस पोटांत घ्यावें, हा व्यापारी हिशेबही त्यांत होता.

तथापि दुबळ्यास युक्ति लढवावी लागते. नव्या मंडळानें तांबडा-पांढरा-निळा चेंडू आणला. दुरून टोपलींत टाकलेल्या चेंडूस दोनांऐवजीं तीन गुण दिले, म्हणून उंचीनें कमी परंतु नेमानें अचूक अशा खेळाडूसही मान मिळाला. ही कल्पना १९६१ सालीं सुरू होऊन लवकरच मोडलेल्या दुसऱ्या एका मंडळाची होती. म्हणजे तीही एका पराभूताचीच देणगी! १९७६ च्या जानेवारींत डेन्व्हर येथें उंच उडी घेऊन चेंडू टोपलींत कोंबण्याची स्पर्धा भरली व ती ज्यूलियस अर्व्हिंग यांनीं जिंकली.

परंतु प्रेक्षक थोडे, दूरदर्शनचें उत्पन्न नाममात्र, आणि खेळाडू पळविण्याच्या चढाओढीनें वेतनें वाढलेलीं, अशी नव्या मंडळाची स्थिति होती. एकीकरणाची बोलणीं सुरू होतांच, १९७० सालीं थोरल्या मंडळाच्या खेळाडूंनीं ऑस्कर रॉबर्टसन यांच्या नांवें दावा लावून तें अडविलें. कारण दोन धनी असले तरच चाकरास भाव मिळतो. १९७६ सालीं तडजोड झाली. डेन्व्हर, इंडियाना, न्यू यॉर्क व सॅन अँटोनियो हे चार संघ प्रत्येकीं ३२ लक्ष डॉलर भरून थोरल्या मंडळांत गेले, आणि धाकटें मंडळ संपलें. सेंट लुईसच्या मालकांनीं मात्र संघ मोडण्याच्या मोबदल्यांत त्या चौघांच्या दूरदर्शन-उत्पन्नाचा हिस्सा मागून घेतला. त्यांस पुढें कोट्यवधि डॉलर मिळाले.

धाकटें मंडळ गेलें, पण त्याचा खेळ राहिला. १९७९ सालीं थोरल्या मंडळानें तीन गुणांचा नियम उचलला, व आज त्यावांचून बास्केटबॉलची कल्पनाच करवत नाहीं. मग हरलें कोण?

हरले ते सामान्य खेळाडू. मालकांचे करार पक्के होते, खेळाडूंच्या वार्धक्याची तरतूद तशी नव्हती. कित्येकांस दारिद्र्यांत दिवस काढावे लागले. अखेर २०२२ सालीं थोरल्या मंडळानें सुमारें ११५ वृद्ध खेळाडूंसाठीं २ कोटि ४५ लक्ष डॉलर देण्याचें ठरविलें. तोंवर कित्येक परलोकवासी झाले होते. कल्पना घ्यावयास तीन वर्षें पुरलीं. ऋण मानावयास सेहेचाळीस लागलीं. विजेत्याच्या न्यायबुद्धीस हें शोभलें नाहीं, असें आम्ही स्पष्ट म्हणतों.

म्हणून आमचें सांगणें दोहोंस आहे. विद्यार्थ्यांनो, ज्यास तुम्हीं हरविलें त्याच्याकडून कांहीं शिकलां असाल, तर तें त्यास त्याच दिवशीं सांगा. उद्यांवर टाकूं नका. आणि पालकहो, मूल हरून घरीं आलें म्हणजे किती गुणांनीं हरलें एवढेंच पुसूं नका; त्यानें आज नवें काय करून पाहिलें, हेंही पुसा.